कॅसेटीत न मावलेले शेवट

आमच्या घरी सिनेमा लागायचा, रंगात यायचा, आणि नेमका शेवट यायच्या आधी संपून जायचा. दर रविवारी हेच व्हायचं. नागपूरच्या पुढे, मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरमध्ये तेव्हा व्हिडिओ असलेली घरं फार थोडी होती. त्यात आमचं घर आलं ते मामामुळे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, रामाकोन्याचा. वायरमनचं काम शिकून तो मस्कतला गेला होता. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा नागपूरहून छोट्या गाडीने, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेने निघाला आणि रामाकोन्याला न जाता आधी सौंसरलाच उतरला. सोबत दोन मोठी खोकी. एकात रंगीत टीव्ही, दुसऱ्यात व्हिडिओ. रामाकोन्याला वीज कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून सामान बहिणीकडे ठेवायचं हे त्याने तिकडूनच ठरवून आणलं होतं.

"बाई, तिकडं नेलं तं जळून जाईन," तो आईला म्हणाला. थोरल्या बहिणीला तो बाई म्हणायचा. "तुह्या घरी राहू दे. मी आलो का पाहत जाईन, बाकी वर्षभर तुमी पाहा."

बाबा तहसील कचेरीत बाबू होते. त्यांनी आपलं लिहायचं टेबल रिकामं करून दिलं. त्यावर टीव्ही, खाली स्टुलावर व्हिडिओ आणि बाजूला घरघरणारा स्टॅबिलायझर. मामाने सगळ्या तारा जोडल्या आणि गल्लीतल्या लोकांसमोर मशीनचं झाकण उघडून दाखवलं. "ही बीटा आहे," तो म्हणाला. दुसऱ्याही जातीच्या मशीनी असतात, त्यांना व्हीएचएस म्हणतात, पण चित्र साफ पाहायचं असेल तर बीटाच, असं त्याने समजावून सांगितलं. आम्ही कोणीच त्याआधी कुठलीच मशीन पाहिली नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी माना हलवल्या.

कॅसेटी त्याने भरपूर आणल्या होत्या, सगळ्या हिंदी सिनेमांच्या. पण बीटाची ती कॅसेट आखूड आणि आपले सिनेमे लांबलचक. मस्कतचा दुकानदार एका कॅसेटीत जेवढा मावेल तेवढा सिनेमा भरायचा, आणि सगळ्या सिनेमांची उरलेली शेपटं मिळून एका वेगळ्या कॅसेटीत घालायचा. ती शेपटांची कॅसेट मामाच्या खोलीतल्या सोबत्याने पाहायला घेतली होती. निघायच्या घाईत ती तिकडेच राहिली. सोबती पुढे नोकरी बदलून कुठे गेला ते मामालाही कळलं नाही, आणि ती कॅसेट आम्हाला कधीच मिळाली नाही.

पण ती मागे राहिल्याचं त्या पहिल्या रविवारी मामाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. सकाळी विहारात वंदना झाली आणि तिथूनच सगळे आमच्या घरी आले. विहारातली मोठी सतरंजीही आणली होती. बाया पांढऱ्या लुगड्यांतच बसल्या, पुरुष दाराकडे आणि आम्ही पोरी अगदी टीव्हीच्या पुढ्यात. सिनेमा एका बाईचा होता. नवरा तिच्यावर खोटा आळ घेऊन तिला घराबाहेर काढतो. ती दूर डोंगरातल्या दवाखान्यात नर्स होते. बऱ्याच वर्षांनी एका अपघातात डोळे गेलेला माणूस तिथे आणतात, तो तिचाच नवरा. ती त्याची सेवा करते, पण आपण कोण ते सांगत नाही. ऑपरेशन होतं. डोळ्यांवरची पट्टी सोडायचा दिवस येतो. डॉक्टर म्हणतात, पट्टी तुम्हीच सोडा. ती हात पुढे करते, पट्टीचा एक पदर सुटतो, आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

आधी सगळ्यांना वाटलं वीज गेली. मग पाहिलं तर पंखा फिरत होता. मामाने कॅसेट काढली, फुंकली, परत लावली. पुन्हा तोच हात, तोच पदर, त्याच मुंग्या. मामाने खोक्यातल्या सगळ्या कॅसेटी उलथ्यापालथ्या केल्या आणि त्याचा चेहराच उतरला.

"शेपटाची कॅसेट राहिली ना बाप्पा तिकडं," तो म्हणाला.

"म्हणजे?" शेजारच्या काकूंनी विचारलं. "त्यानं तिले ओळखलं का नाही?"

"मले काय मालूम, मी बी नाही पाह्यला."

लोक उठेनात. कोणी मामाला बोलत होतं, कोणी मशीनला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझी आई चारचौघांत बोलणारी नव्हती. पाहुणे आले की चहा आणून ठेवायची आणि आत जायची, तिला काही विचारलं तर उत्तर बाबांकडे पाहून द्यायची. ती दारातून म्हणाली, "मी सांगते ना."

मोठ्या माणसांनी वळून पाहिलं. मामाला वाटलं, हिने हा सिनेमा कुठेतरी पाहिला असेल. बाबांना वाटलं, माहेरी असताना नागपूरला पाहिला असेल. कोणी काही विचारलं नाही. आई दाराच्या चौकटीला धरून, हळू आवाजात सांगू लागली.

पट्टी सुटते. त्याला आधी धुरकट दिसतं, मग खिडकी दिसते, मग हिचा चेहरा. तो ओळखतो. रडायला लागतो. म्हणतो, चाल घरी. आई इथे थांबली. मग म्हणाली, "तं ते बाई म्हणते, तुमचे डोळे आले, बरं झालं. आता उन्हात जास्त जाऊ नका. आन मग ते बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे जाते. त्याची बी पट्टी सोडाची असते."

"आन नवरा?" काकूंनी विचारलं.

"नवरा बसते तिथंच. संध्याकाळी दवाखान्यात जेवणाची गाडी येते, तं ते त्यालेही ताट वाढते. बाकीच्यायले वाढते तसंच. तो जेवते."

एवढंच. मग सुईणीचं काम करणारी आमच्या गल्लीतली एक म्हातारी बाई म्हणाली, "बरोबर केलं तिनं." आणि लोक उठले.

ते सगळे गेल्यावर मामाने विचारलं, "बाई, तू कुठं पाह्यला हा सिनेमा?"

"कुठं पाहीन? टाकीजमधी कोणं नेलं मले?"

मामा हसत सुटला. बाबा मात्र तिच्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी सायकल पुसता पुसता ते मला म्हणाले, "तुह्या आईले इतकं बोलता येते, मले माहीतच नव्हतं." त्यांच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

पुढच्या रविवारी सिनेमा जिथे तुटला तिथे मामाने मशीन बंद केली आणि लोकांनी आपणहून दाराकडे पाहिलं. हळूहळू आईला दार सोडून आत यावं लागलं. मग बसायला एक पाट ठेवला जाऊ लागला. मामा मस्कतला परत गेला तरी रविवार चालूच राहिले.

तिच्या शेवटात काही गोष्टी ठरलेल्या असायच्या. कोणी मरायचं नाही. मारामारी होणार असली तर मध्येच कोणाचा तरी बैल सुटायचा किंवा गाडीची वेळ व्हायची. मुंबईचे आणि काश्मीरचे लोक शेवटी शेवटी कन्हान नदीच्या काठी येऊन पोचायचे, कारण आईने पाहिलेली नदी तीच. मुलाला शोधत फिरणारा एक श्रीमंत बाप तिने छोट्या गाडीत बसवून थेट रामाकोन्याला उतरवला होता, आणि लोकांनी ते मुकाट्याने मान्य केलं होतं. आणि प्रत्येक शेवटात कोणी ना कोणी जेवायला बसायचंच. काय वाढलं तेही ती सांगायची. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, हिवाळा असेल तर संत्री.

बाबा पहिल्यांदा संकोचले होते. बायको लोकांसमोर बसून बोलते हे त्यांना अवघड जात होतं. ते ओसरीत बसून पेपर वाचायचे. मग पेपर तसाच हातात राहू लागला. एका रविवारी त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि उंबरठ्यावर येऊन बसले.

याच सुमारास पांढुर्ण्याला आत्याच्या घरी व्हीएचएस आला.

आत्या बाबांची धाकटी बहीण. तिचे यजमान पांढुर्ण्याला रेल्वेत होते आणि गावाबाहेर त्यांचा लहानसा संत्र्याचा बगीचाही होता. आम्ही त्यांना हिंदीच्या वळणाने फुफाजी म्हणायचो. त्या वर्षी आंबिया बहार चांगला आला आणि ते नागपूरहून व्हीएचएस घेऊन आले. मोठी मशीन, विटेएवढ्या कॅसेटी, आणि एकाच कॅसेटीत अख्खा सिनेमा. ते आम्हाला मुद्दाम बोलवायला आले. मामाही नेमका सुट्टीवर आला होता. मग काय, आमच्या ओसरीत दोघांची जुंपली.

"भाऊजी, चित्र पाहा ना बीटाचं," मामा म्हणाला. "केसन् केस दिसते."

"केस पाहून काय करता पाहुणे?" फुफाजी म्हणाले. "सिनेमा पुरा तं दिसला पाहिजे."

"आमच्याकडं पुरा होते. बाई करते ना पुरा."

फुफाजी हसले. "वहिनी किती दिवस पुरा करतीन? नागपूरच्या दुकानात जाऊन पाहा, पुरं कपाट व्हीएचएसनं भरलं आहे. तुमची बीटा एका कोपऱ्यात."

सौंसरात लोकांचे सरळ दोन पक्ष पडले. बोरगावच्या कारखान्यात जाणारे आमचे शेजारी फुफाजींच्या बाजूचे होते. बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर ते तास तास सांगायचे की जग व्हीएचएसकडे चाललं आहे. ज्यांनी दोन्हीतलं काहीच घेतलं नव्हतं ते जास्त भांडायचे. कापसाच्या गाड्या घेऊन आलेले लोकही थांबून विचारायचे, घ्यायचा झाला तर कोणता घ्यावा. एका घरात मुलीच्या सासरच्यांकडे व्हीएचएस होता म्हणून बीटाचं नावही काढलेलं चालत नसे. आमच्या शेजाऱ्यांनी एकदा नागपूरहून हौसेने भाड्याची कॅसेट आणली, आमच्याकडे लावायला. ती व्हीएचएसची होती. त्यांनी ती आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली, दाबून पाहिली. शेवटी बाबांनी त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. लोक हसले, पण ते शेजारी खरंच नाराज झाले. तेव्हापासून त्यांचं घर रविवारी आमच्याकडे येईना. ते पांढुर्ण्याच्या बसने फुफाजींकडे जाऊ लागले. जवळजवळ तासाचा रस्ता, पण सिनेमा पुरा.

त्या घरातल्या काकूच मग एका दुपारी आमच्याकडे आल्या. अंगणात आई मिरच्या वाळत घालत होती, मी बाजूला बसले होते. काकू भांडायला आल्या नव्हत्या, हे आधी सांगायला पाहिजे. त्यांना खरंच काहीतरी सांगायचं होतं.

"तो दवाखान्याचा सिनेमा पाह्यला आमी पांढुर्ण्याले," त्या म्हणाल्या. "पुरा पाह्यला. ते बाई नाही ना सोडून जात त्याले. ते त्याच्या पाया पडते. सासू येते, माफी मागते, सगळे घरी जातेत. मोठा बंगला राहते."

आई मिरच्या पसरवत राहिली.

"तुमी सांगितलं ते तं काहीच नव्हतं त्यात," काकू म्हणाल्या. "आमाले वाटलं होतं तुमाले मालूम आहे."

"नाही," आई म्हणाली. "मले नव्हतं मालूम."

"मंग काहून सांगितलं?"

आई पाणी आणायला उठली. काकू पाणी प्यायल्या आणि गेल्या. त्यानंतरच्या रविवारी सिनेमा तुटला तेव्हा लोकांनी वळून पाहिलं, पण आई चहा टाकायला आत गेली होती. बाबांनी हाक मारली. ती आतूनच म्हणाली, "मले नाही माहीत पुढचं." लोक थोडा वेळ मुंग्यांकडे पाहत बसले आणि उठून गेले. मग माणसं कमी होऊ लागली. सतरंजी विहारातून आणायची गरज राहिली नाही, घरातली चटई पुरायची.

मला त्या दिवसांत आईचा राग यायचा. का ते मला सांगता आलं नसतं. मी शाळेतून आले की तिच्यामागे लागायचे, नुसतं मला तरी सांग म्हणून. ती म्हणायची, "काय सांगू वं? खोटं?"

थंडीत आत्या चार दिवस राहायला आली. तिने बगीच्यातली संत्री आणली होती, पोतंभर. दुपारी दोघी नणंद-भावजय अंगणात उन्हाला बसल्या; मी मागे ओसरीत होते, आईची पाठ माझ्याकडे. आई काही बोलत नाही हे आत्याच्या लगेच लक्षात आलं. बाबांनी तिला काय झालं ते सांगितलं असावं, कारण ती सरळ त्याच विषयावर आली.

"वहिनी, तो दवाखान्याचा सिनेमा मी दोनदा पाह्यला," ती म्हणाली. "आमच्या घरी जो येते तो तोच लावाले सांगते."

"हो, तुमच्याकडं पुरा आहे."

"पुरा आहे. पण मले नाही पटत तो शेवट. पह्यल्या खेपेले वाटलं मीच नीट नाही पाह्यला. म्हणून दुसऱ्या खेपेले पाह्यला." आत्याने संत्र्याची फोड आईच्या हातावर ठेवली. "इतकं केलं त्यानं, आन शेवटी पाया कोण पडते, तं तेच. तू काय सांगितलं होतं? दादा सांगत होता, पण त्याले नीट सांगता येत नाही."

"जाऊ द्या ना आता."

"जाऊ कशाले देऊ? मी पांढुर्ण्याहून आली, आयकासाठी."

आईने हातावरची फोड खाल्ली. मग तिने सांगितलं. आधी तुटक, मग नीट. पण तो शेवट पहिल्यासारखा नव्हता. यावेळी नवरा दवाखान्यातच राहिला, बाग शिंपायच्या कामाला. दोघं रोज एकमेकांना दिसत. ती त्याच्याशी बोलायची, जितकं बाकीच्यांशी बोलायची तितकंच. एक दिवस तो तिला विचारतो, अजून किती दिवस? आणि ती म्हणते, मला घाई नाही. आत्या ऐकता ऐकता संत्री सोलायची थांबली. शेवटी ती म्हणाली, "खरी बाई अशीच राहते," आणि पदराने डोळे पुसले. आत्याच्या संसाराबद्दल मला तेव्हा काही कळत नव्हतं. फुफाजी वाईट माणूस नव्हते. पण आत्याला त्या दुपारी जे ऐकायचं होतं ते त्यांच्या पुऱ्या सिनेमात नव्हतं, एवढं मला आज कळतं.

आत्या त्या रविवारी होती. सिनेमा तुटला तेव्हा आई आत जायला निघाली, तर आत्याने तिचा हात धरला आणि पाटावर बसवलं. आईने सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सिनेमात काय आहे मले माहीत नाही. हा माझा शेवट आहे. आयकाचा असन तं आयका."

कोणी उठलं नाही. पुढच्या रविवारी परत सतरंजी आली. एकदा तर काकूही आल्या. पांढुर्ण्याला पाहिलेला सिनेमा पुन्हा आमच्याकडे अर्धा पाहायला. "तिकडचा तं पाह्यला," त्या म्हणाल्या, "आता तुमचा सांगा." आईने त्यांना आपल्या शेजारी जागा करून दिली.

मला आठवतात ते रविवार त्यानंतरचे. पण ते फार दिवस टिकले नाहीत.

बसस्टँडजवळ सौंसरची पहिली व्हिडिओ लायब्ररी निघाली. मालकाने सुरुवातीला दोन्ही जातीच्या कॅसेटी ठेवल्या. बीटाच्या चारच ओळी होत्या, मग दोन झाल्या, मग त्या फळीवर अगरबत्त्या आणि कॅसेटींची कोरी कव्हरं दिसू लागली. बाबांनी विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, बीटावाले तुमी एकटेच राहिले." मामाने आणलेल्या कॅसेटी झिजून चित्रात पांढरे पट्टे यायला लागले. आणि एक दिवस मशीनने कॅसेट आत घेतली ती सोडलीच नाही. बाबा मशीन घेऊन नागपूरला गेले. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिली आणि सांगितलं, याचे पार्ट आता येत नाहीत, यात वेळ घालवू नका. मामाला कळवलं तर त्यानेच उलट लिहिलं की आपण तिकडे स्वतःसाठी व्हीएचएस घेतला आहे. बाबा खूप हसले होते ते वाचून.

मग आमच्याकडेही व्हीएचएस आला. मोठी, काळी, चकचकीत मशीन. गल्लीतले सगळे जमले. पहिलाच सिनेमा लांबलचक होता. भाऊ हरवले, सापडले, खलनायक पकडला गेला, सगळे एका ओळीत उभे राहिले आणि पडद्यावर 'समाप्त' आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग उठले, लुगडी झटकली, चपला शोधल्या आणि बोलत बोलत घरी गेले. कोणी वाईट वागलं नाही. फक्त आता थांबायचं काही कारण नव्हतं. आई पाटावर बसलेली होती. खोली रिकामी झाल्यावर तिने पाट उचलून भिंतीला टेकवला आणि सतरंजीची घडी घालायला मला हाक मारली.

व्हीएचएसही गेला. सीडी आली, डीव्हीडी आली, केबल आलं, आणि प्रत्येक वेळी गल्लीत तोच वाद झाला, कोणतं घ्यावं आणि कोणतं टिकेल. आईने त्यात कधी भाग घेतला नाही. म्हातारपणी ती मालिका पाहायची, त्यांनाही शेवट नसतोच. मी एकदा म्हणालेसुद्धा, "आई, याचा शेवट तू सांग ना." ती हसून म्हणाली, "आता सगळं दिसून राहिलं ना, मी काय सांगू?" मी आग्रह केला नाही. पुढे कधीतरी निवांत बसून विचारू, असं वाटत राहिलं. बाबा गेले, आणि त्यानंतर दोन पावसाळ्यांनी आईही गेली.

आता पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं आहे आणि सौंसरच्या लोकांना कामासाठी तिकडे जावं लागतं. गेल्या महिन्यात मीही गेले होते. काम दुपारीच आटोपलं, म्हणून आत्याकडे गेले. फुफाजी आता नाहीत. बगीचा तिचा मुलगा पाहतो. आत्या पुढच्या खोलीत मोबाईलवर काहीतरी पाहत बसली होती. मला पाहून तिने तो उलटा ठेवून दिला.

आम्ही आईबद्दल बोलत बसलो. तिचे शेवट आठवायचा प्रयत्न केला, तर फार थोडे आठवले, आणि जे आठवले त्यावरही आमचं एकमत होईना. दवाखान्यातली ती बाई शेवटी त्याच्याशी बोलते की नाही, यावर आम्ही बराच वेळ घालवला. सिनेमे आता सगळे मिळतात. त्या नर्सचा सिनेमाही मिळतो, फोनवर, अख्खा, घासूनपुसून चकचकीत केलेला. पण आईने सांगितलेलं कुठेही उतरवून ठेवलेलं नाही. घरात रेकॉर्ड करणारी मशीन वर्षानुवर्षं होती, आणि आईचा आवाज धरून ठेवावा असं कोणाच्या मनात आलं नाही.

"सांगताना कशी दिसे ना ते," आत्या म्हणाली. "बोलता बोलता पदर घट्ट धरे, आन गोष्टीत जेवणं आलं का सोडे."

मला ते माहीत नव्हतं. मी दर रविवारी त्या खोलीत होते, पण आई सांगत असताना आम्ही सगळ्या पोरी टीव्हीकडे तोंड करून बसायचो, त्या पांढऱ्या मुंग्यांकडे पाहत, जणू ती म्हणते ते आता तिथे दिसेल. तिचा आवाज माझ्या पाठीमागून यायचा. तो मला अजून ऐकू येतो, अगदी शब्दांच्या मधल्या श्वासासकट. पण सांगताना तिचा चेहरा कसा होता, ते त्या रविवारांत मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

आत्याला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मी तं तिलेच पाहत होती. टीव्हीत काय होतं?"

शेवटची बस निघायला वेळ होता, पण मी घरी फोन करून सांगितलं की आज राहते, उद्या येईन. आत्याने मला जवळ बसवून घेतलं. "डोये कसे करे, सांगू का?" तिने विचारलं आणि डोळे किंचित बारीक करून, समोरच्या भिंतीच्याही पलीकडे काहीतरी दिसत असल्यासारखं पाहून दाखवलं. मी तिला पुन्हा एकदा करायला सांगितलं.